हिरवं झाड आतून कुजतं तेव्हा
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



वैशाख सरत आलाय. घरं शाकारून झाली असतील, सरपण आत भरायची घाई चालली असेल. मिरगाला आता फार दिवस उरले नाहीत. अशा वेळी मी आज झाडांबद्दल बोलणार आहे. झाडं लावायला तर सगळेच सांगतात. मला बोलायचंय ते आधीपासून उभ्या असलेल्या झाडांबद्दल, ज्यांच्या सावलीत आपण बसतो, पोरं खेळतात, गुरं बांधतो. ही झाडं वरून हिरवीगार असताना आतून कशी कुजतात आणि ते आपल्याला कसं ओळखता येईल, हा आजचा विषय आहे.

मी बचत गटांची समन्वयक. बी.ए. झालेय, शास्त्राचा आणि माझा संबंध दहावीला संपला. हा विषय मी हौसेनं शिकले नाही. गेल्या वर्षी एक गोष्ट घडली, म्हणून शिकले. ती आधी सांगते.

आमच्या एका गटाची बैठक दर महिन्याच्या दहा तारखेला व्हायची, अंगणवाडीशेजारच्या रायवळ आंब्याखाली. मोठं जुनं झाड. जागा मीच ठरवली होती, कारण बाकी कुठं तीस बायकांना पुरेल एवढी सावली नव्हती. त्या झाडाची एक जाड फांदी आडवी गेली होती आणि तिच्या बुडाशी भाकरीएवढी एक थाळी उगवली होती. वरून तपकिरी, खालून पांढरट, लाकडासारखी कडक. आमच्या गटातल्या एक आजी मला दोनदा म्हणाल्या होत्या, "पोरी, ह्या फांदीखाली बसू नगा. तिला अळंबी आलीया." मी वर बघितलं. पालवी हिरवी होती, त्या साली आंबेही लागले होते. मी हसून म्हणाले, "आजी, झाड तर किती जोमात आहे." आणि नोंदवहीत लिहिलं, ठिकाण: आंब्याखाली.

जूनमध्ये पहिला पाऊस रात्री पडून गेला. सकाळी वारा नव्हता, पण पानं भिजून जड झाली होती. बैठक संपून बायका उठल्या, चपला शोधत होत्या, आणि ती फांदी आली खाली. बहुतेकजणी बाजूला झाल्या होत्या. एका बहिणीच्या खांद्यावर टोक बसलं, गळ्याजवळचं हाड मोडलं. दोन महिने तिला मजुरीला जाता आलं नाही. गटानं कर्ज दिलं, व्याज सोडलं. पण लावणीचा अख्खा हंगाम तिचा बुडाला, तो काही कुणी भरून दिला नाही. देवाची कृपा म्हणून एवढ्यावरच भागलं, असं लोक म्हणाले. मला मात्र आजींचं बोलणं आठवत राहिलं. त्यांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं.

मोडलेल्या फांदीजवळ जाऊन बघितलं, तर आतलं लाकूड पांढरट, भुसभुशीत, बोटांनी दोऱ्यासारखं सुटणारं. मधूनमधून काळ्या शाईनं ओढल्यासारख्या बारीक रेघा. आणि गंमत म्हणजे तो वास मला ओळखीचा वाटला. आमच्या गटाच्या धिंगरी अळंबीच्या खोलीत येतो, तसाच.

तिथून माझा शोध सुरू झाला. अळंबीच्या प्रशिक्षणातल्या मॅडमना विचारलं, वाचलं, कुजकी लाकडं फोडून बघितली. जे कळलं ते तुम्हाला आपल्या घरातल्या गोष्टींवरून सांगते.

आधी झाडाचं अंग समजून घेऊ. आपल्याला वाटतं की अख्खं झाड जिवंत असतं. तसं नसतं. सालीच्या लगेच खाली एक पातळ ओला थर असतो, तो खरा वाढणारा थर. तोच दरवर्षी आतल्या बाजूला नवं लाकूड घालतो आणि बाहेरच्या बाजूला साल. त्याच्या आतलं फिकट लाकूड मुळांकडून पाणी वर नेतं. आणि अगदी मधला गाभा, जुन्या झाडातला गडद रंगाचा, तो मेलेला असतो. झाडाला उभं राहायला आधार देतो, बाकी त्याच्यात जीव नसतो. म्हणूनच गाभा पूर्ण कुजून पोकळ झाला तरी पाणी वर जातं, पालवी फुटते, आंबे लागतात. मी वर हिरवी पानं बघून आत सगळं ठीक आहे असं समजले, ती माझी चूक इथं होती. पानं सांगतात की झाडाला पाणी मिळतंय. फांदी मजबूत आहे की नाही, हे पानं सांगत नाहीत.

आता लाकूड कशाचं बनतं? आपली जुनी कुडाची भिंत आठवा. आत काठ्या उभ्याआडव्या विणलेल्या, वरून शेणमातीचा लेप. नुसत्या काठ्या वाकतात. नुसती माती ढासळते. दोन्ही मिळून भिंत उभी राहते. लाकडातही असंच आहे. काठ्यांच्या जागी सेल्युलोज, म्हणजे साखरेचे कण एकाला एक जोडून झालेले लांबच लांब धागे. कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोजच. आणि शेणमातीच्या जागी लिग्निन. हे लिग्निन धाग्यांच्या मधल्या फटी भरतं, त्यांना चिकटवून कडक करतं. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांच्या लाकडात साधारण पाचवा ते चौथा हिस्सा लिग्निन असतं. लिग्निन नसतं तर झाड गवतासारखं लोळलं असतं.

लिग्निनची दुसरी खासियत अशी, की ते खाणं फार अवघड. गाय कडबा खाते, कारण तिच्या पोटातले सूक्ष्म जीव सेल्युलोज फोडून तिला देतात. पण कडबा जितका जून, तितकी ती बुडखे गव्हाणीत टाकून देते. जून झालेल्या ताटात लिग्निन वाढलेलं असतं आणि ते गाईच्या पोटातही फुटत नाही. सेल्युलोज म्हणजे सारख्या मण्यांची माळ, एक मणी तोडता आला की पुढचाही तसाच तुटतो. लिग्निनमध्ये मात्र मणी वेगवेगळे आणि गाठी वाटेल तशा मारलेल्या. कोणतीही एक किल्ली सगळ्या गाठींना लागत नाही.

ही गाठ नीट सोडवणं निसर्गात जवळजवळ एकाच घराण्याला जमतं. ते म्हणजे बुरशीचं, त्यातही पांढरी कूज करणाऱ्या बुरशीचं. आणि मैत्रिणींनो, आपल्या गटांमध्ये आपण जी धिंगरी पिकवतो ना, ती याच घराण्यातली.

आपण काय करतो बघा. भाताचा पेंढा कापतो, भिजवतो, दुसरी बुरशी मरावी म्हणून गरम पाण्यातून काढतो, निथळवतो. पिशवीत थर देऊन अळंबीचं बियाणं घालतो आणि अंधाऱ्या खोलीत टांगतो. १५ ते २० दिवसांत पिशवी पांढरीशुभ्र होते. ते पांढरं म्हणजे बुरशीचे धागे, केसापेक्षा कितीतरी बारीक. हे धागेच खरी बुरशी. आपण जी छत्री काढून बाजारात नेतो ते तिचं फळ. आंबा म्हणजे जसं आंब्याचं झाड नव्हे, तशी छत्री म्हणजे अख्खी बुरशी नव्हे.

बुरशीला तोंड नाही, पोट नाही. ती आपला पाचक रस अंगाबाहेर सोडते, बाहेरच जेवण पचवते आणि मग शोषून घेते. तिच्या रसात एक जहाल पदार्थ ती स्वतः तयार करते, हायड्रोजन पेरॉक्साइड. पार्लरमध्ये चेहऱ्याला ब्लीच लावतात, त्यात हेच असतं. त्याच्या मदतीनं तिची विकरं, म्हणजे रसातले कामकरी पदार्थ, लिग्निनवर असा घाव घालतात की त्याच्या गाठी आपोआप सुटू लागतात. किल्ली लागत नाही तर कुलूपच फोडायचं, असा हा प्रकार. असं काम करणारं एक विकर शास्त्रज्ञांना १९८३ मध्ये सापडलं. म्हणजे लाकूड कुजताना माणूस हजारो वर्षं बघतोय, पण लिग्निन नेमकं फुटतं कसं याचा धागा हाती लागून पन्नास वर्षंही झाली नाहीत.

लिग्निन तपकिरी असतं. ते गेलं की मागे पांढरट धागे उरतात. म्हणून आमच्या आंब्याची फांदी आतून पांढरी आणि दोरेदार होती. भिंतीची शेणमाती धुऊन गेली होती, नुसत्या काठ्या राहिल्या होत्या. त्या काळ्या रेघाही पुढे कळल्या. बहुतेक वेळा त्या बुरशीनंच आखलेल्या हद्दी असतात. एकाच लाकडात दोन बुरशा शेजारी आल्या की आपल्या बांधासारखा बांध घालतात.

कुजीचा दुसरा प्रकारही आहे, तो घराच्या वाशात आणि चौकटीत जास्त बघायला मिळतो. त्यात बुरशी धागे खाऊन टाकते आणि लिग्निन बरंचसं मागे ठेवते. लाकूड गडद तपकिरी होतं आणि आटलेल्या तळ्याच्या तळासारख्या चौकोनी भेगा पडतात. बोटानं दाबलं तर भुकटी होते. ही तपकिरी कूज जास्त फसवी असते. डोळ्यांना काही दिसायच्या आधीच लाकडाची ताकद बरीच गेलेली असते आणि ते न वाकता, न करकरता काटकन मोडतं.

तुम्ही म्हणाल, ताई, हे ओळखायचं कसं? अहो, तुम्ही रोज ओळखता. मोळी बांधताना एखादं लाकूड हाताला हलकं लागतं, त्याला आपण पोचट म्हणतो आणि बाजूला टाकतो. चुलीत ते भुरकन जळतं, निखारा धरत नाही. का? कारण त्यातला जळण्याजोगा माल बुरशीनं आधीच खाल्लेला असतो. चूल जे लाकूड जाळून उष्णता काढते, तेच बुरशी सावकाश खाऊन जगते. म्हणून सरपण जमिनीवर टाकू नका. खाली दोन दगड, वर दोन आडवी लाकडं ठेवून त्यावर रचा, बाजूनं वारा खेळू द्या आणि वरून झाका. लाकूड पुरतं वाळलेलं असेल तर बुरशीचं काही चालत नाही. तिला ओल लागते.

ओल लागते तशी हवाही लागते. कुंपणाचा खांब उपटून बघा. वरचं कोरडं लाकूड शाबूत, खाली खोल गाडलेला भागही बराच टिकलेला, आणि जमिनीच्या रेषेलगत मात्र पार खाल्लेलं. वर ओल नाही, खोल हवा कमी, आणि मध्ये दोन्ही मिळतं. पूर्ण पाण्यात बुडालेलं लाकूड वर्षानुवर्षं टिकतं, तेही हवा नाही म्हणूनच.

आता मुख्य प्रश्न. बुरशी झाडात शिरते कुठून?

पूर्वी विद्वानांनाही वाटायचं की झाड आधी आपोआप कुजतं आणि त्या कुजीतून अळंबी उगवते. जर्मनीत रॉबर्ट हार्टिग नावाच्या वनशास्त्रज्ञानं १८७० च्या दशकात सूक्ष्मदर्शकातून बघून दाखवलं, की झाडाबाहेरची थाळी आणि आत कुजलेल्या लाकडातले धागे एकाच बुरशीचे आहेत. कुजीमुळे बुरशी येते असं नाही, बुरशीमुळे कूज होते. आमच्या आजी शाळेत गेल्या नाहीत, पण थाळी दिसली म्हणजे आत काम बरंच पुढे गेलंय, हे त्यांना माहीत होतं.

हवेत बुरशीचे बीजाणू सतत उडत असतात. एक मोठी थाळी दिवसाला अब्जावधी बीजाणू सोडू शकते. त्यामुळे बीजाणू थांबवणं आपल्या हातात नाही. काहीजणी मला विचारतात, आपल्या धिंगरीच्या पिशव्यांमुळे गावातली झाडं कुजतील का? धिंगरी रानातही मेलेल्या आणि खचलेल्या झाडांवर उगवतेच. आपल्या खोलीमुळे नवं संकट आलं असं नाही. फक्त वापरलेला पेंढा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका, त्याचं गांडूळखत करा. बीजाणू सगळीकडेच आहेत. धडधाकट सालीतून बहुतेकांना आत जाता येत नाही. दार लागतं. आणि ते दार म्हणजे जखम.

कुऱ्हाडीचा घाव, ओरबाडून तोडलेली फांदी, औषधासाठी भोवताली सोललेली साल, बुंध्याशी पेटवलेला कचरा, रस्ता करताना तोडलेली मुळं. वीज आणि वादळ आपल्या हातात नाही. पण बाकीची दारं उघडणारे हात आपलेच आहेत. आमच्या आंब्याच्या त्या फांदीच्या बुडाशी जुना घाव होता. बऱ्याच वर्षांपूर्वी कुणीतरी शेजारची फांदी सरपणासाठी तोडली होती. हातभर खुंट सोडून दिला होता. तो खुंट वाळला, भिजला, कुजला आणि तिथून बुरशी आत गेली.

झाड तरी गप्प बसतं का? नाही. अमेरिकेत अॅलेक्स शिगो नावाचे वनखात्यातले शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं यंत्राच्या करवतीनं उभी चिरून बघितली. आडवं कापलं तर नुसती चकती दिसते, उभं चिरलं तर कुजीचा सगळा प्रवास दिसतो. १९७७ मध्ये त्यांनी मांडलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. झाड कुजलेला भाग दुरुस्त करत नाही. ते त्याच्याभोवती भिंती घालतं, वर, खाली, आत, बाजूला. आणि सगळ्यात पक्की भिंत घालतं ती जखमेच्या वेळचं जुनं लाकूड आणि त्यानंतर वाढणारं नवं लाकूड यांच्यामध्ये. घरातली एक खोली कुजली, तर ती कायमची बंद करून बाहेरून नवी खोली बांधायची, अशी झाडाची रीत.

हे कळलं की आपण चांगल्या मनानं काय चुका करतो, तेही कळतं. ढोलीत सिमेंट भरतात. त्याआधी ढोली आतून खरवडून साफ करतात. त्या खरवडण्यात झाडानं घातलेली भिंतच फुटते आणि बुरशीला पुढचं चांगलं लाकूड मोकळं होतं. सिमेंट झाडाबरोबर हलत नाही, फट पडते, पाणी आत साठतं. नुसती थाळी तोडून टाकली तरी उपयोग नाही, आतले धागे तसेच राहतात. उलट आपल्याला धोक्याची सूचना देणारी खूण आपण पुसतो. घावावर रंग किंवा डांबर फासलं म्हणजे कूज थांबली, असंही नाही. फळबागेत छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावतात, ते कृषी सहायकाच्या सल्ल्यानं चालू ठेवा. पण मोठ्या घावाला लेप लावून निर्धास्त होऊ नका.

आता त्या दिवसानंतर काय झालं ते सांगते. गाव घाबरलं. ग्रामसभेत एकच सूर, गावातली सगळी जुनी झाडं काढा. एक लाकूडवाला तर म्हणाला, फुकटात तोडतो, लाकूड मात्र माझं. त्याचा डोळा शाळेजवळच्या चिंचेवर होता. चिंचेला चार फुटांवर मोठी ढोली, आत माणूस हात घालू शकेल एवढी. सगळे म्हणाले, हीच पुढची पडणार.

त्या सभेत मोडल्या हाडाची ती बहीण गळ्यात झोळी घालून बसली होती. तीच उठून म्हणाली, "मला लागलंय, तर माझं ऐका. आंबा पडला कारण आपण बघितलं नाही. आता चिंच पण न बघताच तोडायची का?"

मग आम्ही बघितलं. मडकं विकत घेताना आपण टिचकी मारून बघतो ना, तसं कपडे धुवायच्या धोपाटण्यानं बुंधा सगळीकडून वाजवला. कुठं घट्ट आवाज, कुठं पोकळ, तिथं खडूनं खुणा केल्या. बुंध्याशी आणि मुळांवर थाळी किंवा छत्र्या आहेत का, जमिनीला भेग गेलीय का, झाड एका अंगाला नव्यानं कललंय का, ते बघितलं. फांद्या जिथं खोडाला जुळतात तिथं चीर आहे का, तेही बघितलं. मग जाणकार माणूस बोलावून मोजमाप केलं. खोडाचा व्यास जवळजवळ ९० सेंटीमीटर निघाला आणि ढोलीभोवतीचं चांगलं लाकूड कुठंही २० सेंटीमीटरपेक्षा कमी नव्हतं.

तपासणारे लोक एक ढोबळ हिशोब वापरतात. खोडाच्या मध्यापासून सालीपर्यंत जेवढं अंतर, त्याच्या निदान एक तृतीयांश जाडीचं चांगलं लाकूड सगळ्या बाजूंनी हवं. ९० चा निम्मा ४५, त्याचा तिसरा हिस्सा १५. आमच्या चिंचेकडे २० होतं. बांबू पोकळच असतो, तरी उभा राहतो, तसंच हे. पण एवढ्या एका हिशोबावर निर्णय घ्यायचा नसतो. ढोलीचं तोंड किती मोठं, मुळं कशी, फांद्यांचा भार कुठं, आणि खाली कोण असतं, हे सगळं धरावं लागतं. माळावर एकटं झाड पडलं तर पडलं. शाळेजवळच्या झाडाला जास्त कडक तपासणी हवी.

निर्णय असा झाला, की चिंच ठेवायची. शाळेच्या बाजूची एक जड फांदी हलकी करायची आणि दरवर्षी मिरगाच्या आधी पुन्हा तपासायची. आंबा मात्र काढावा लागला, कारण कूज फांदीतून खोडात उतरली होती. त्याची परवानगी रीतसर घेतली. आपल्या राज्यात १९६४ च्या कायद्यानं आंबा, चिंच, फणस, जांभूळ अशी झाडं तोडायला परवानगी लागते, आपल्या मालकीची असली तरी. कुणी फुकटात तोडून देतो म्हणाला, तर आधी तलाठ्याकडे, ग्रामसेवकाकडे चौकशी करा.

ढोलीचं झाड म्हणजे कामातून गेलेलं झाड, असं मानू नका. पोपट, पिंगळे, आपल्या सह्याद्रीतले धनेश अशाच ढोल्यांत पिल्लं वाढवतात. धनेशाला स्वतःला ढोली कोरता येत नाही. बुरशीनं आधी गाभा मऊ केला, म्हणून त्याला घर मिळतं. आणि रानात बुरशीनं काम थांबवलं, तर मेलेल्या झाडांचे ढीग लागतील. त्यांच्यातलं खत मातीत परत जाणार नाही, नव्या रोपाला मिळणार नाही. म्हणून बुरशीला मी शत्रू म्हणत नाही. पिशवीत ती आपल्याला चार पैसे देते. फक्त ती डोक्यावरच्या फांदीत असेल तर आपल्याला ठाऊक असायला हवं.

तर या आठवड्यात, पाऊस यायच्या आत, एवढं करा. बैठकीची जागा, अंगणवाडी, पाणवठा, एसटीचा थांबा, गोठा, इथली मोठी झाडं दोघी-तिघींनी मिळून फिरून बघा. वर फांद्या, मध्ये खोड, खाली मुळं. वाळलेली फांदी, थाळी, पोकळ आवाज, नवी भेग, यातलं काही दिसलं तर गटाच्या नोंदवहीत लिहा आणि ग्रामपंचायतीला लेखी कळवा. नुसतं तोंडी सांगू नका. झाडावर स्वतः चढू नका. आणि झाडावर उगवलेली अनोळखी अळंबी कुणी खाऊ नका.

फांदी तोडायचीच असेल तर ती लहान असतानाच तोडा, म्हणजे घाव लहान राहतो. आधी खोडापासून हातभर अंतरावर खालून थोडी करवत मारा, मग त्याच्या किंचित पुढे वरून कापा, म्हणजे साल खाली फाटत येत नाही. उरलेला खुंट शेवटी कापा. फांदी खोडाला जुळते तिथं कंगोऱ्यासारखा फुगीर भाग असतो. तो कापू नका, त्याच्या लगेच बाहेर कापा. झाडाची भिंत तिथंच तयार होते. आणि कुऱ्हाडीपेक्षा करवत बरी.

बुंध्याशी कचरा पेटवू नका. पार बांधायचा असेल तर बुंध्याला टेकवून सिमेंट घालू नका, मुळांना हवा हवी आणि बुंधा आपल्या डोळ्यांसमोर हवा. साल लागली तर थोडी घ्या, झाडाभोवती पूर्ण कडं कधी काढू नका. तसं केलं तर कुजण्याचीही वाट बघावी लागत नाही, झाड उभ्या उभ्या मरतं.

आमच्या गटाच्या नोंदवहीत आता ठिकाणाच्या पुढे एक नवा रकाना आहे, झाड बघितलं का. त्यापुढे सही करते ती खांदा मोडलेली आमची बहीणच. आणि तिच्या सोबतीला असतात त्या आजी. तुमच्याही गटात अशी एखादी आजी असेल. ती कुठल्या झाडाकडे बोट दाखवत असेल, तर माझ्यासारखं हसून सोडून देऊ नका. उठा, जवळ जा आणि बघा.